पार्श्वभूमी: नक्शा 'फेल' कुणी केला?

इंदूरचा संपत्तीकर घरबसल्या काढता येत असे. 1997 च्या नियमांनी शहराचे दर-विभाग पाडले. आपला विभाग, बांधकामाचा प्रकार, चौरस फूट एवढे मांडले की आकडा निघे. विवरणही मालकानेच भरायचे. हा हिशेबही अल्गोरिदमच होता, म्हणजे ठरलेल्या पायऱ्यांनी निर्णयापर्यंत नेणारी रीत, फक्त छापलेली.

जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत इंदूर आले. कॅमेरे, कमांड सेंटर वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. इमारत परवानगीकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. नक्शा, म्हणजे बांधकामाचा आराखडा, पास व्हायचा तर संगणकावरच्या ड्रॉइंगमधली प्रत्येक रेघ ठरवून दिलेल्या लेयरवर, म्हणजे थरावर, हवी. प्लॉटची हद्द एकीकडे, मार्जिन (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) दुसरीकडे, जिना तिसरीकडे. सॉफ्टवेअर रेघा मोजते, नियमांशी ताडते आणि प्रत्येक बाबीपुढे पास किंवा फेल लिहिते. रेघ भलत्याच लेयरवर पडली, तर जागेवर सोडलेले मार्जिनही त्याला दिसत नाही. सही मात्र अधिकाऱ्याची.

मग निर्णय कुणाचा? न्यूयॉर्क शहराने 2018 मध्ये कायदा करून सरकारी खाती निर्णयांसाठी वापरतात अशा अल्गोरिदम-साधनांचा अभ्यास करायला समिती नेमली. कायद्यात शब्द होते, निर्णय घेणारी 'किंवा घ्यायला साहाय्य करणारी' यंत्रणा. या 'साहाय्या'वरच घोडे अडले. मग एक्सेलची शीटही यात धरायची का, असा प्रश्न निघाला. प्रश्न खोटा नव्हता, पण सोयीचा होता: 2019 च्या अहवालात कोणत्या खात्यात कोणते साधन चालते याची यादीच नव्हती. 2020 मध्ये ॲम्स्टरडॅम आणि हेलसिंकीने आपल्या अल्गोरिदमांच्या नोंदवह्या खुल्या केल्या. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी यादी देण्याचे कायदेशीर बंधन यायला 2022 उजाडले.

आपल्याकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 आहेच. निर्णय घेताना पाळायची पद्धत आणि कामाचे निकष कार्यालयाने न मागता जाहीर करायचे. ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कारणेही द्यायची. सॉफ्टवेअर हा शब्द तिथे नाही, 'पद्धत' आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तेवढे पुरे. अडचण कलम 8 मधल्या व्यापारी गुपिताची, कारण नियम सरकारचे आणि कोड कंत्राटदाराचा. त्यालाही व्यापक लोकहिताचा अपवाद आहे. शिवाय कोड मागतोय कोण? कोणत्या लेयरवर काय तपासले जाते आणि यंत्राचा 'फेल' अधिकाऱ्याने वर्षात किती वेळा फिरवला, एवढेच हवे आहे.