अक्षराचं वळण

गेल्या रविवारी तिसरीतली भाची चार रेघी वही घेऊन माझ्यासमोर बसली. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "दादा, हिचं कर्सिव्ह जरा बघ की. बाई रोज लाल शेरा मारायल्यात." शब्द होता ‘ब्रदर’. बी काढून झाला. त्याची शेपटी वरच्या रेघेजवळ बाहेर पडते आणि आर तिथूनच, खाली न उतरता, सुरू करायचा असतो. पेन्सिल नेमकी तिथं अडली. पोरीनं कित्त्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, परत कित्त्याकडे. मग जोर दिला आणि टोक मोडलं.

बेळगावच्या अनगोळातली ही पोर मराठी शाळेत जाते. म्हणजे बालबोध (आपली देवनागरी) आलीच, कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड आलं, शिवाय इंग्रजी. इंग्रजीची सुटी अक्षरं लहान-मोठी धरून बावन्न, कर्सिव्हची पुन्हा बावन्न. आपण त्याला ‘जोडून लिहिणं’ म्हणतो, पण पोरांच्या हाताच्या दृष्टीनं ती चौथी लिपीच आहे. इतका खटाटोप कशासाठी, हा प्रश्न जगभर विचारला जातोय. फिनलंडनं २०१६ मध्ये सक्ती काढून टाकली. अमेरिकेच्या २०१० च्या ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासाच्या मानकांत कर्सिव्हला जागाच नव्हती, तर कॅलिफोर्नियानं २०२३ मध्ये कायदा करून पहिली ते सहावीला ते परत आणलं.

आता हाताकडे वळू, कारण खरी गंमत तिथं आहे. चूक डोळ्यांना दिसणं, मेंदूनं ती ओळखणं आणि हातानं दुरुस्त करणं याला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा तरी लागतो. सराईत माणसाचा एक फराटा तेवढ्यात संपलेला असतो. त्याला साधारण एक दशांश सेकंद पुरतो. म्हणजे आपण बघून लिहीत नाही. फराट्याचा हुकूम आधीच तयार होऊन सुटतो, डोळे मागाहून पोचतात. आणि हा हुकूम ठरावीक बोटांसाठी लिहिलेला नसतो. कागदावर बोटांनी केलेली सही फळ्यावर खांद्यानं करा, नाहीतर वाळूत पायाच्या अंगठ्यानं. वेडीवाकडी येईल, पण ढब तुमचीच राहील.

या हुकुमाला एक नियमही आहे. १९८३ मध्ये लाक्वानिती, तेर्झुओलो आणि विव्हियानी या तीन संशोधकांनी चित्र काढणाऱ्या, गिरगटणाऱ्या हातांचा वेग मोजला. वळण आलं की हात मंदावतो, हे कुणीही सांगेल. पण किती मंदावतो? वेग हा वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या आठपट लहान झाली तर वेग निम्मा. चोर्ला घाटातल्या बसचं गणित वेगळं असतं: तिथं सुरक्षित वेग वर्गमुळाच्या हिशेबानं उतरतो, त्रिज्या चौपट लहान झाली की निम्मा, कारण बसला घसरायची भीती. बोटांना कसली भीती? १९८५ मध्ये फ्लॅश आणि होगन यांनी मांडलं की हात झटका टाळतो. झटका म्हणजे त्वरण ज्या दरानं बदलतं तो दर. एकूण झटका कमीत कमी ठेवणारी वाट गणितानं काढली की वळणावरचा वेग जवळपास याच नियमानं उतरतो. (इथं दम लागला असेल तर पुढचं एकच वाक्य घ्या.) टोकदार कोपऱ्याची त्रिज्या शून्य, म्हणून तिथं हात थांबतो, गोल वळणावर तो चालू राहतो.

आमच्या घरच्या ट्रंकेत पणजोबांचं एक मोडी खरेदीखत आहे. बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचं. आज घरात कुणाला एक ओळ लागत नाही. पण आता त्याच्याकडे पाहिलं की हा नियमच दिसतो. बालबोध ‘क’ला दंड, पोट, शेपटी, वरची रेघ, आणि प्रत्येक सांध्याला हात उचला. मोडीत रेघ पानभर आधीच ओढून ठेवायची, कोपरे मोडून गोल करायचे आणि बोरू पळवायचा. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाची कटकटही नाही. कारकुनाच्या मनगटानं शोधलेली लिपी.

मग कर्सिव्हचीच बाजू झाली की! नाही. हे सगळं मुरलेल्या हाताचं. भाचीच्या एका फराट्यात वेग पुन्हा पुन्हा चढतो, उतरतो, कारण तिचा हुकूम अजून तुकड्यातुकड्यानं सुटतोय. मानसशास्त्रज्ञ कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये पाच वर्षांच्या मुलांकडून काही अक्षरं हातानं काढून घेतली, काही गिरवून, काही टंकून. नंतर स्कॅनरमध्ये मेंदूचा वाचनाचा भाग जागा झाला तो स्वतः काढलेल्या अक्षरांना. ती अक्षरं सुटी होती. फायदा हातानं लिहिण्याचा, जोडण्याचा नव्हे. अमेरिकेतल्या १९९८ च्या एका पाहणीत तर सर्वांत वेगानं लिहिणारी मुलं निघाली ती सुट्या आणि जोडलेल्या अक्षरांची भेसळ करणारी.

आणि ‘अक्षर बदला, नशीब बदला’ वाल्या वर्गांना पैसे देऊ नका. अक्षरावरून स्वभाव सांगणाऱ्यांच्या सतरा चाचण्या १९८९ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. मजकुरात माणसाविषयी काही सापडत नसेल, तर हे तज्ज्ञ आणि रस्त्यावरचा माणूस यांत फरक उरत नाही.

शेवटी भाचीला म्हटलं, डोळे मीट आणि नाव लिही. मराठीत झटकन लिहिलं. शिरोरेघ तेवढी वर तरंगत राहिली. कन्नडात जरा अडखळली, पण जमलं. कर्सिव्हमध्ये दुसऱ्याच अक्षराला तिनं एक डोळा हळूच उघडला.

"बघितलंस?" मी बहिणीला म्हटलं. "हिच्या हातात अजून ते उतरलेलंच नाही. सुट्या अक्षरांत लिहू दे तिला."

"ते खरं ओ दादा," ती पोळी उलटत म्हणाली, "पण परीक्षेत पाच मार्क कर्सिव्हलाच हायत की."