हल्ल्याचा फोटो आणि हल्ल्यानंतरचा फोटो

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की एक फोटो हमखास येतो: खंदकाची कड चढून सैनिक पुढे झेपावताहेत, मागे धुराचे लोट. खाली ओळ: 'खंदकयुद्धाचा विध्वंस'. या फोटोत विध्वंस नाही, हल्ला आहे. आणि पुष्कळदा तो हल्लाही खरा नसतो.

हल्ल्याची चित्रं सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून थोडक्यात. फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरच्या १९१६ च्या ब्रिटिश चित्रपटात सैनिक कड चढतात तो गाजलेला तुकडा आघाडीमागच्या प्रशिक्षण केंद्रात घडवून आणलेला आहे. १ जुलैच्या सकाळी हॉथॉर्न रिज या टेकडीखाली झालेला सुरुंगाचा स्फोट मात्र त्याच चित्रपटात खराखुरा टिपलाय. फ्रान्समधल्या भारतीय सैनिकांचे छायाचित्रकार गर्डवुडने १९१५ मध्ये काढलेले 'लढाईचे' कित्येक फोटोही असेच जुळवून आणलेले. त्यांवर 'मराठा वीर' असं लिहून पुढे पाठवू नका. मराठा पलटणींची मोठी लढाई मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली.

खरी गल्लत फ्रँक हर्लीपाशी होते. ऑस्ट्रेलियाचा हा अधिकृत छायाचित्रकार १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर होता. अख्खी लढाई एका निगेटिव्हवर मावत नाही, हे त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने बारा निगेटिव्ह जोडून हल्ल्याचं एक भव्य चित्र बनवलं. पायदळ, स्फोट, विमानं, सगळं एकाच क्षणी. इतिहासकार चार्ल्स बीनने अशा चित्रांना खोटं ठरवलं आणि दोघांचं चांगलंच वाजलं. अखेर जोडचित्र असल्याचं सांगण्याच्या अटीवर सहा चित्रांना परवानगी मिळाली. माझ्या मते बीनचं बरोबर होतं: प्रत्येक तुकडा खरा असला तरी तो क्षण कधी घडलाच नव्हता.

पण हे वाचून लोक दुसऱ्या टोकाला जातात: हर्ली म्हणजे बनाव, मग ईप्रजवळच्या शॅटो वूड या जंगलाचा त्याचा फोटोही बनावच! मला सर्वांत जास्त चीड याची येते. २९ ऑक्टोबर १९१७ चा तो फोटो जोडचित्र नाही. त्यात हल्ला नाही, शत्रू नाही. चिखलावर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेने मोजके तोफखान्याचे जवान चाललेत, दोन्ही बाजूंना फांद्या उडालेले बुंधे आणि पाण्याने भरलेले खड्डे. बघणारा खंदक शोधतो, तो दिसत नाही. तोफांनी सरळ रेषेतलं फार काही शिल्लकच ठेवलेलं नव्हतं. त्याच वर्षी ३१ जुलैच्या चढाईआधी ब्रिटिशांनी ४० लाखांहून अधिक गोळे डागले. फ्लँडर्सची, म्हणजे याच भागाची, चिकणमाती, पाणी वाहून नेणारे चर फुटलेले, त्यावर पाऊस. पाण्याला जायला जागाच उरली नाही. खंदकयुद्धाने जमिनीचं काय केलं ते इथे दिसतं.

ईप्रजवळच्या पाशेंडेल गावच्या लढाईनंतरच्या सकाळच्या हर्लीच्या फोटोत आकाश दुसऱ्या निगेटिव्हचं आहे, जमीन तिथलीच. म्हणून प्रत्येक फोटोत कोणता भाग पुरावा म्हणून चालेल, ते वेगळं तपासावं लागतं.

हवाई फोटोंबद्दल एवढंच: पाशेंडेल गावाच्या १९१७ मधल्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंत रस्ते आणि घरं पुसली गेल्याचं दिसतं, पण चिखल किती खोल ते कळत नाही. विध्वंसावर लिहायचं असेल तर ती जोडी आणि शॅटो वूड शेजारी छापा, ठिकाण आणि तारखेसह. कड चढणारे सैनिक छापायचेच असतील, तर ते दृश्य घडवून आणलेलं आहे हे त्याच ओळीत लिहा.