ऑक्सिडीभूत कोलेस्टेरॉल आणि रोहिणीदाह

कोलेस्टेरॉलच्या रेणूत ऑक्सिजन शिरून तयार होणाऱ्या संयुगांना ऑक्सिडीभूत कोलेस्टेरॉल म्हणतात. ७-कीटोकोलेस्टेरॉल हे त्यांपैकी एक. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रोहिणीच्या, म्हणजे धमनीच्या, अस्तराखाली अडकून पडले, की मुक्त मूलके (अतिक्रियाशील रेणू) आणि काही एंझाइमे यांच्यामुळे त्यांतील मेद व प्रथिन यांचे ऑक्सिडीकरण होते. अशा कणांमुळे अस्तराच्या पेशी चेतवल्या जातात आणि रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आत शिरून त्यांचे मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, बनतात.

रोहिणीच्या या दाहाचे मर्म या भक्षक पेशींत आहे. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे झाले, की एलडीएल आत घेणारे पेशीवरील नेहमीचे ग्राही (रेणू ओळखून पकडणारी प्रथिने) आपोआप कमी होतात. परंतु बदललेले कण ओळखणाऱ्या सीडी३६सारख्या ग्राहींना असा लगाम नसतो. गोल्डस्टाइन आणि ब्राउन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये रासायनिक रीत्या बदललेल्या एलडीएलवर हे दाखवून दिले. परिणामी पेशी मेदाने फुगून फेसाळ होते, आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक साचतात, त्यांनी लायसोसोम (पेशीतील पाचक पिशव्या) फुटतात आणि एनएलआरपी३ हे प्रथिनसंकुल कार्यान्वित होऊन इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य बाहेर पडते. ते आणखी भक्षक पेशी ओढून आणते, आणि दाह स्वतःलाच पोसत राहतो.

तंबाखूच्या धुराने हे ऑक्सिडीकरण वाढते. विडी उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या सोलापुरात ही बाब ठळकपणे सांगितली पाहिजे. आहाराचा वाटा त्यामानाने लहान आहे. कडक भाकरीसोबतच्या शेंगा चटणीत, वनस्पतिजन्य असल्याने, कोलेस्टेरॉल नसतेच. मटण, अंडी, तूप यांत ते असते व दीर्घकाळ तापवल्यास त्याचे ऑक्सिडीकरण होते.

ऑक्सिडीकरण रोखावे म्हणून जीवनसत्त्व ई देऊन पाहिले गेले, पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकार कमी झाला नाही. त्यामुळे या गोळ्यांवर विसंबणे योग्य नाही. उलट २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत, इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने एलडीएल न घटताही पुढील झटके, पक्षाघात व हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग वाढल्याने हे औषध हृदयरोगावर नेहमीच्या वापरात आले नाही, आणि स्टॅटिन या कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या औषधांनी एलडीएल कमी करणे हाच मुख्य उपचार राहिला आहे.