खडा निघाल्यानंतरचे दोन आठवडे

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील गावात एखाद्या मांजराच्या मूत्राशयात खडा सापडला, तर त्याच्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते, नाहीतर खाली गोव्याला किंवा वर मुंबईला जावे लागते. शस्त्रक्रिया उरकते, एक-दोन दिवसांत मांजर टोपलीतून घरी येते, आणि मग डॉक्टर शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि टाके घातलेले मांजर माजघरात, अशी स्थिती होते. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत घरच्या माणसांनी काय पाहिले आणि काय वेळीच ओळखले, यावर बरेच काही अवलंबून असते. माझ्या मते या काळात टाक्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष मांजराच्या लघवीकडे हवे.

आधी पोटात काय झाले आहे, ते समजून घेऊ. मांजराच्या मूत्राशयात प्रामुख्याने दोन प्रकारचे खडे होतात. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक, आणि दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. स्ट्रुव्हाइटचा खडा विशिष्ट आहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतो. ऑक्झलेटचा खडा कोणत्याही आहाराने विरघळत नाही, तो बाहेरच काढावा लागतो. त्यासाठी बेंबीखाली पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेऊन मूत्राशय बाहेर उचलून घेतात, त्याच्या भिंतीला चीर देतात, खडे काढून मूत्रमार्ग धुतात आणि आपोआप विरघळणाऱ्या धाग्याने ती चीर शिवतात. हा धागा शक्यतो मूत्राशयाच्या पोकळीत डोकावू नये अशी काळजी शल्यविशारद घेतात, कारण लघवीत बुडालेल्या धाग्यावर स्फटिक बसून नवा खडा धरू शकतो.

मूत्राशय हा शरीरातील फार लवकर भरून येणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. त्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी एरवी संथ असतात, पण इजा होताच त्या वेगाने विभागू लागतात आणि चिरेवरचे अस्तर काही दिवसांतच सांधले जाते. भिंतीची मूळची ताकद साधारण 14 ते 21 दिवसांत परत येते. पोटाच्या स्नायूंना मध्यभागी जोडणारा पांढरा पट्टा मात्र फार सावकाश भरतो; तीन आठवड्यांनीही त्याची स्वतःची ताकद मूळच्या मानाने थोडीच असते आणि तोवर भार टाक्यांवर असतो. म्हणून मांजर दहाव्या दिवशी अगदी टवटवीत दिसू लागले, तरी त्याला माळ्यावर, कौलांवर किंवा माडावर चढू देता कामा नये. उडी मारताना ताण येतो तो मूत्राशयावर नव्हे, या पट्ट्यावर.

पहिल्या रात्री भुलीचा अंमल पुरता उतरलेला नसतो. मांजर झोकांड्या खाते, त्याच्या बाहुल्या मोठ्या दिसतात, क्वचित ते ओळखीच्या माणसावरही फिसकारते. त्याला पलंगावर किंवा खिडकीत न ठेवता जमिनीवर, उबदार पण घाम न येणाऱ्या जागी ठेवावे, आणि पुरते शुद्धीवर येऊन मान सावरेपर्यंत तोंडात अन्न किंवा पाणी घालू नये, कारण गिळण्याची क्रिया सैल असताना ते श्वासनलिकेत जाऊ शकते. घरात गणपती असतील, चाकरमानी आले असतील किंवा शिमग्याची पालखी दारात यायची असेल, तर मांजरासाठी एक खोली बंद ठेवावी. हा लाड नव्हे. भय आणि गोंगाट यांनी मांजराच्या मूत्राशयाचा दाह वाढतो, हे पशुवैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. कोणताही खडा वा जंतू नसताना केवळ ताणामुळे लघवीचा त्रास होणारी मांजरे पुष्कळ असतात.

आता लघवीकडे वळू. कोकणातल्या बहुतेक मांजरांना ट्रेची सवय नसते. ती परसात, कलमाच्या आळ्यात किंवा वाळूच्या ढिगात माती उकरून उरकतात, आणि त्यांनी किती वेळा, किती लघवी केली, हे कोणालाच कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर नेमके हेच कळणे आवश्यक असते. म्हणून एका पसरट, कमी उंचीच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्या घालाव्यात. कागद टाक्यांना चिकटत नाही आणि त्यावर लघवीचा रंग स्पष्ट दिसतो. मांजर कागदाला तयार होत नसेल, तर एका कोपऱ्यात त्याच्या ओळखीची, उन्हात वाळवलेली मूठभर माती ठेवून पाहावी. समुद्रावरची वाळू आणू नये. ती दमट असते, खारट असते आणि जखमेच्या कडांना चिकटते. एका वहीत प्रत्येक वेळेची नोंद ठेवावी: किती वाजता, ओला डाग केवढा, रंग कसा, जोर करावा लागला का.

पहिले तीन-चार दिवस, कधी आठवडाभर, लघवी गुलाबी दिसणे, तिच्यात रक्ताची बारीक गुठळी येणे आणि मांजराने वारंवार थोडी थोडी लघवी करणे हे अपेक्षितच आहे. सुजलेल्या मूत्राशयाला थोडीशी लघवी साठली तरी ते भरल्यासारखे वाटते. हे दिवसागणिक कमी होत जायला हवे: डाग मोठे आणि खेपा कमी, रंग फिकट. उलट दिशेने प्रवास होऊ लागला, रक्त वाढू लागले किंवा डाग लहान होत गेले, तर डॉक्टरांना फोन करण्यासाठी सकाळची वाट पाहू नये.

बोक्याच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट हवी. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो; बोक्याचा लांब असून टोकाकडे फारच निमुळता होतो. राहून गेलेला वाळूएवढा कण, रक्ताची गुठळी किंवा सूज तेथे अडकली, की बोका ट्रेमध्ये पुनःपुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि लघवी येत नाही. घरच्या माणसांना वाटते की त्याला शौचाला खडा झाला आहे, आणि ते एरंडेल शोधू लागतात. ही चूक प्राणघातक ठरते. लघवी तुंबली की रक्तातील पोटॅशियम वाढते, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, आणि उपचार न मिळाल्यास दोन-तीन दिवसांत मृत्यू ओढवतो. बोका जोर करतो आहे आणि कागद कोरडा आहे, एवढे दिसले की गाडी काढावी, मग रात्र असो वा पाऊस. मूत्राशयाची शिवण उसवून लघवी पोटात झिरपली तरीही असेच विष शरीरात चढते. हे क्वचितच घडते, पण मांजर मलूल होणे, उलट्या, अन्न नाकारणे आणि पोट फुगून दुखरे होणे ही त्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत.

जखमेची निगा तुलनेने सोपी आहे. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले कठीण काटे असतात. त्या जिभेने ते काही मिनिटांत टाका उपटू शकते. म्हणून गळ्यातली प्लास्टिकची कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे 10 ते 14 दिवस, काढू नये. कॉलर लावून खाता येत नसेल, तर समोर बसून जेवणापुरती सोडावी आणि लगेच पुन्हा लावावी. जखमेला हळद, खोबरेल किंवा राख लावू नये. हळदीने लाली झाकली जाते, तेलाने मांजराला चाटण्याचा मोह होतो. पावसाळ्यात, जेव्हा कोकणात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तेव्हा अंथरूण रोज बदलावे आणि ते इस्त्री करून कोरडे करावे. ओलसर जखमेवर माशी बसली, तर अळ्या पडायला फार वेळ लागत नाही. शक्य असेल तर मांजराला मच्छरदाणीत झोपवावे.

औषधांविषयी एक गोष्ट मी शक्य तितक्या ठासून सांगतो. मांजराला वेदना होतात असे वाटून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये, अर्धी नव्हे, पावसुद्धा नव्हे. माणसाचे यकृत या औषधाला ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडून बाहेर टाकते. ते जोडण्यासाठी लागणाऱ्या एका विकराचे जनुक मांजराच्या वंशात निकामी झालेले आहे. त्यामुळे औषधाचे विषारी रूपांतर होते, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहीनासे होते आणि हिरड्या तपकिरी पडतात. लादी पुसण्याचे काळे फिनेलही मांजराच्या शरीराला नीट निकामी करता येत नाही. ओल्या लादीवर चालून पंजे चाटले तरी ते पोटात जाते. मांजराच्या खोलीत साबण आणि पाणी पुरे. वेदनाशामक डॉक्टरांनी दिले असेल तेच, सांगितलेल्या मात्रेतच द्यावे, आणि गोळी दिल्यावर सिरिंजने थोडे पाणी पाजावे, कारण काही गोळ्या अन्ननलिकेत अडकून तिला जखम करतात.

मुतखड्यावर आपल्याकडे घरगुती उपाय पुष्कळ आहेत आणि ते सांगणारे शेजारीही प्रेमानेच सांगतात. पण ते माणसांसाठी सांगितलेले उपाय आहेत. पानफुटीच्या पानांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि मांजरासाठी ती वनस्पती विषारी आहे. कुळथाची पिठी लसणाच्या फोडणीची असते. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि लघवी तुंबण्याची शक्यता असलेल्या जनावराला नेमके तेच नको.

खाण्याच्या बाबतीत पहिली चिंता पथ्याची नसून उपवासाची आहे. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ लागते. म्हणून घरी आल्यावर पूर्ण दिवसभर त्याने तोंड लावले नाही, तर डॉक्टरांना कळवावे. शिजवलेला मासा थोडा कोमट करून दिला की वासाने भूक चाळवते. बांगड्याचे काटे काढून, मीठ-मसाला न घालता उकडलेले मांस त्याच्याच आळणी पाण्यात कुस्करून द्यावे. सुका जवळा, सुकट, सुके बोंबील मात्र बंद करावेत. त्यांत पाणी जवळजवळ नाही, मीठ भरपूर आहे, आणि बारीक मासे हाडांसकट वाळवलेले असल्याने खनिजे एकवटलेली असतात. कच्च्या तारलीत थायामिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते. शिजवल्यावर ते निष्क्रिय होते. नुसत्या माशावर मांजराचे कायमचे पोषण होत नाही, त्यामुळे पुढचा आहार खड्याचा प्रकार कळल्यावर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

पाण्याचे महत्त्व याहून मोठे आहे. घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. शिकारीच्या मांसातून मिळणाऱ्या पाण्यावर ते भागवत असे. त्याचे मूत्रपिंड माणसाच्या दुपटीहून अधिक दाट लघवी तयार करू शकते, आणि हा वारसा आपल्या ओटीवरच्या मांजरातही जसाच्या तसा आहे. त्याला तहान उशिरा आणि कमी लागते. दाट लघवीत खनिजे लवकर स्फटिकरूप होतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या दाण्यांत ते जेमतेम दहावा हिस्सा असते, ओल्या अन्नात तीन चतुर्थांश. म्हणून अन्नातच पाणी मिसळावे, आणि रुंद तोंडाच्या भांड्यांत ताजे पाणी घरात दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवावे.

काढलेला खडा आठवण म्हणून डबीत ठेवण्याची प्रथा मी पाहिली आहे. त्याऐवजी तो तपासणीसाठी पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण स्ट्रुव्हाइटसाठी योग्य असलेला, लघवी आम्लधर्मी करणारा आहार ऑक्झलेटच्या मांजराला अपायकारक ठरू शकतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच एक्स-रे काढून एकही खडा मागे राहिला नाही याची खात्री केली होती का, हेही विचारून घ्यावे. टाके काढण्याच्या भेटीतच लघवीची तपासणी होते आणि पुढच्या एक्स-रेची किंवा सोनोग्राफीची तारीख ठरते, बहुधा काही महिन्यांनंतरची. ऑक्झलेटचे खडे पुन्हा होण्याची प्रवृत्ती असते, आणि लवकर सापडलेले बारीक खडे कधी कधी पुन्हा पोट न उघडता मूत्रमार्गातून धुऊन काढता येतात. घाट चढण्याचा कंटाळा येईल, तरी ती तारीख चुकवू नये, आणि जाताना लघवीच्या नोंदींची वही सोबत न्यावी.