टर्बो इंजिनाचे ट्यूनिंग

टर्बोचार्जर, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, बसवलेल्या पेट्रोल इंजिनात हवेचा जादा दाब म्हणजे बूस्ट, त्या हवेला पुरेल इतके पेट्रोल आणि ठिणगीची वेळ यांचा मेळ घालण्याचे काम. हे आकडे इंजिनाच्या संगणकातल्या तक्त्यात, म्हणजे ‘मॅप’मध्ये असतात, म्हणून गॅरेजमध्ये याला ‘रिमॅप’ही म्हणतात.

एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. निवांत चालीत इंजिन याच प्रमाणावर चालते. बूस्ट चढला की पेट्रोल वाढवून हे प्रमाण साधारण 11.5 ते 12 वर आणतात. या वाढीव पेट्रोलातले थोडेच ताकदीला लागते. उरलेले वाफ होताना सिलिंडरातली उष्णता शोषून घेते.

कारण खरा शत्रू उष्णता. दाबलेली हवा तापते, आणि ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप पेटले की नॉकिंग होते. डब्यात खडे हलवल्यासारखा हा आवाज वरच्या आरपीएमला कानाला कळत नाही. ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहावा: पांढऱ्या चिनी मातीवर सुईच्या टोकाएवढे चकाकते ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, 10.25 असल्याने जेमतेम 0.35 बार (1 बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) बूस्टलाही पाणी-मेथॅनॉलचा फवारा लागे. त्याची टाकी भरायला मालक विसरत.

म्हणून आधी सिलिंडर दाब नीट धरतात का, होसच्या गळत्या आणि पेट्रोलचा पंप तपासतात. मूळ इंधनदाब 3 बार असेल, तर 1 बार बूस्टला पंपाने 4 बार द्यायला हवा. बरेच जुने पंप इथेच दम तोडतात. मग वेस्टगेटच्या, म्हणजे बूस्ट आवरणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर मिळेल तेवढ्याच बूस्टला मिश्रण आणि ठिणगीचे टायमिंग बसवायचे, आणि नंतर 0.1 बारने वर जायचे. हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, आणि धुरावरून हवा-पेट्रोलचे प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर लावून करतात. रस्त्यावर पळवत अंदाजाने करणे म्हणजे इंजिन पणाला लावणे.

पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, हीही पाहावी लागते: 95 ऑक्टेनवर बसवलेला मॅप 91 च्या पेट्रोलवर धोक्याचा ठरतो. 20 टक्के इथेनॉलच्या ई20 पेट्रोलात तर 14.7 चा आकडाच सुमारे 13.5 होतो, तेव्हा मीटर लॅम्डात वाचलेला बरा; त्यात कोणत्याही पेट्रोलाचे अचूक प्रमाण 1 च असते. डिझेलचे गणित उलटे: तिथे इंधन वाढवले की उष्णता वाढते आणि काळा धूर निघतो.