झाडी तोडायचा कोयता आणि नऊ इंचांचा नियम

पाऊस ओसरला की गडांवरच्या श्रमदान मोहिमा सुरू होतात आणि झाडोरा काढायला, मुक्कामाची जागा मोकळी करायला कोणते हत्यार घ्यावे, ही चर्चा दरवर्षी नव्याने निघते. काहींना ऑनलाइन मिळणारी लांब, काळ्या पात्याची मॅशेटी हवी असते, तर काही जण लोहाराकडून कोयता घडवून घेतात. वाद पोलादाचा वाटतो, पण त्यात कायद्याचा भागही मोठा आहे. पुण्यात कोयते नाचवणाऱ्या टोळक्यांमुळे जानेवारी 2023 मध्ये पोलिसांनी विक्रेत्यांना कोयता घेणाऱ्यांची नोंद ठेवायला सांगितले, तेव्हापासून तर तोच जास्त चर्चेत आहे.

मॅशेटी ही लॅटिन अमेरिकेतल्या ऊस-केळीच्या मळ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये ती कारखान्यात तयार होऊन तिकडच्या मळ्यांकडे जाऊ लागली. क्युबात 1868 साली स्पेनविरुद्ध उठाव झाला, तेव्हा ऊसतोड करणाऱ्यांच्या हातात हेच पाते होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने 18 इंची पात्याची मॅशेटी सैनिकांना दिली. युद्धानंतर उरलेला माल बाजारात आला आणि शेतातले हे अवजार कॅम्पिंगच्या सामानात जाऊन बसले. पाते लांब आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीचे असते. रसदार देठ, गवत, वेली एका फटक्यात उडवायला ते उत्तम.

सह्याद्रीतला झाडोरा वेगळा आहे. करवंदीच्या जाळ्या, चिल्हार, वाळत चाललेली कारवी आणि सगळीकडे माजलेली घाणेरी, ही सगळी लाकूड धरणारी झुडपे. (घाणेरीही अमेरिका खंडातूनच आली. इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत लावली आणि तिथून ती देशभर सुटली.) अशा बुंध्यावर पातळ पाते थरथरते, अडकते, कधी वाकते. इथे जाड पाठीचा, पुढे बाक असलेला कोयता चालतो. बाकाने काटेरी फांदी अंगापासून लांब ओढून धरता येते. गडावर झुडपाखाली दगड लपलेला असतो. घाव खाली गेला, तर आधी बाकाचे टोक दगडाला लागते आणि धार वाचते.

हल्ली आपल्याकडचे बरेचसे चांगले कोयते ट्रकच्या कमानपाट्यातून घडतात. स्प्रिंगचे हे पोलाद साधारण अर्धा टक्का किंवा किंचित जास्त कार्बनचे, सिलिकॉन-मँगनीज घातलेले, म्हणजे दणका सोसून परत सरळ होणारे. भंगारबाजारात पाटे सहज मिळू लागले आणि आठवडी बाजारातल्या लोहाराला फुकटात उत्तम माल हाती आला असेच म्हणायला हवे. बाकी सगळे धारेला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तापवून विझवताना आणलेल्या कडकपणावर. पाणी जास्त चढले तर धार खड्यावर तुकड्याने उडते आणि कमी पडले तर दुमडते. घेताना धारेवरून कानस हलकेच फिरवून पाहावी. ती नुसती घसरली तर पाते फार कडक आहे, लोण्यासारखी रुतली तर मऊ आहे. थोडी धरली पाहिजे. मग पात्याची शेपटी मुठीत कुठवर गेली आहे आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी घट्ट आहे का, एवढे पाहिले की निवड झाली. कोकणात माडावर चढणारा माणूस कमरेच्या लाकडी आकड्यात कोयता अडकवून वर जातो, तोही असाच घडवलेला असतो.

राज्यात या अवजाराचा सर्वात मोठा वापर उसात झाला. 1950-51 च्या हंगामात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या दशकांत बीड-नगरच्या कोरडवाहू भागातून तोडणी मजुरांचे तांडे दरसाल पश्चिमेकडे जाऊ लागले. मुकादमाच्या उचलीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला आजही ‘एक कोयता’ म्हणतात. शहरात या शब्दाला आता जो अर्थ चिकटला आहे, तो ऐकताना ही माणसे डोळ्यांसमोरून जाऊ नयेत.

खरा गुंता मापाचा आहे. इंग्रजांच्या 1878 च्या कायद्याच्या जागी 1959 चा शस्त्र कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. पोलिसांच्या कागदात त्याला ‘भारतीय हत्यार कायदा’ म्हणतात. त्याच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्यापुढे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. बातम्यांमधून लोकांच्या डोक्यात राहिले ते एवढेच. त्याच वाक्यात पुढे घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे वगळली आहेत, हे फारसे कुणी सांगत नाही. 2016 मध्ये नवे नियम आले, तेव्हाही ही सूट राहिली.

साधा कोयता पट्टी लावून मोजला तर बहुतेक वेळा या मापाबाहेर जातो. उद्देश पाहिला तर तो शेतीचे अवजार ठरतो. मग धरायचे काय? मूळ कायद्यातली व्याख्या आणखी बारीक आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र, आणि केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र नव्हे. इथे ‘केवळ’ हा शब्द निर्णायक आहे. वस्तू कशासाठी घडवली, हे कायदा विचारतो. लोहाराच्या कोयत्याचे उत्तर त्याच्या घडणीतच आहे. पाठीवर करवतीचे दात, काळा मुलामा आणि जाहिरातीत ‘सेल्फ डिफेन्स’ असे लिहिलेली मॅशेटी मात्र विकणाऱ्याच्याच शब्दांनी शस्त्राच्या व्याख्येत जाऊन बसते. ती झाडी तोडायला घेतली होती, हे मग घेणाऱ्याला पटवून द्यावे लागते. दोन्ही पाती सारखी टिकाऊ असतील तरी माझे मत कोयत्याकडे झुकते, ते यामुळे.

यात आणखी एक फाटा आहे. धारदार हत्यार बाळगल्याच्या गुन्ह्यात कलम 4(25), म्हणजे हत्यार कायद्याचे चौथे कलम आणि शिक्षेचे पंचविसावे कलम लावले, अशी बातमी आपण रोज वाचतो. चौथे कलम मात्र केंद्राने अधिसूचना काढलेल्या भागापुरते आणि त्यात नमूद प्रकारच्या हत्यारांपुरते परवान्याची अट घालते. त्याच्या जोडीला राज्याच्या पोलीस अधिनियमातले कलम 37(1) येते. त्याखालच्या मनाई आदेशात तलवारी, सुरे, लाठ्या आणि शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. हा आदेश साधारण पंधरवड्यापुरता निघतो, संपला की पुन्हा निघतो. इथे वस्तू कशासाठी घडवली हा प्रश्नच नाही. त्यामुळे हत्यार कायद्यातून सुटणारा कोयता बसस्थानकावर मनाई आदेशात अडकू शकतो.

या पार्श्वभूमीवर 2023 चा निर्णय आला. 2022 च्या अखेरीस पुण्याच्या उपनगरांत कोयते नाचवत दुकाने फोडणाऱ्या, दिसेल त्याला धमकावणाऱ्या टोळक्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या. त्यांत अल्पवयीन मुलेही होती. विषय नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही निघाला. जानेवारीत मध्यवर्ती पेठेतल्या एका दुकानातून शंभरावर कोयते जप्त झाले आणि कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड घेऊन नोंद ठेवा, अशी सूचना शहर पोलिसांनी विक्रेत्यांना केली.

लोकांची भीती खरी होती आणि तपासाला धागा मिळावा ही अपेक्षाही रास्त होती. पण पेठेतल्या लोखंडी सामानाच्या दुकानात विळा, कुदळ, कोयता घ्यायला येणारा माणूस प्रामुख्याने मुळशी, हवेली, भोर या तालुक्यांतला शेतकरी आहे. त्याच्या ओळखीची नोंद राहिली आणि शहराच्या हद्दीबाहेरच्या आठवडी बाजारात पाल टाकून बसलेल्या लोहाराकडे कसलीच वही नाही. मारामारीसाठी पाते हवे असलेल्याला अडवायला ही नोंद अपुरी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा परिणाम झाला तो दुकानदारांवर. मग ऑनलाइन खरेदीकडे ओढा वाढणे साहजिकच, आणि तिथे मिळते ती बहुधा तीच ‘सेल्फ डिफेन्स’वाली मॅशेटी.

गडांवर काम करणारे अनुभवी गट आता काळजी घेतात. कोयत्याची पावती जवळ ठेवतात, पाती गोणपाटात बांधून फावडी-घमेल्यांसोबत एकाच गाडीतून नेतात. संरक्षित स्मारक असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घेतात. हा कागद कोयत्यापेक्षा आधी मिळवावा. तटातला वड किंवा पिंपळ नुसता वरून छाटला तर पुढच्या पावसात दुप्पट जोमाने फुटतो आणि मुळासकट ओढला तर चिरा घेऊन येतो. काय तोडायचे आणि काय तसेच ठेवायचे, हे त्या परवानगीसोबतच ठरते.

अभयारण्यातल्या गडांचे नियम याहून कडक आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही आणि त्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत सुराही येतो. तिथे इंचांचे माप नाही आणि शेतीची सूटही नाही. कोयनेच्या अभयारण्यातला वासोटा किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा परिसर यांसाठी कोयता निवडण्याचा प्रश्नच येत नाही. तो घरी ठेवायचा, आणि वाट बुजली असेल तर वनखात्याला कळवायचे.