टेबलावरचा किल्ला करडाच का असतो?

मिनिएचर वॉरगेमिंगसाठी (छोटे शिपाई आणि मॉडेल्स टेबलावर मांडून नियमांनी लढाई खेळायचा छंद) किल्ला करायचा म्हटलं की सगळीकडे एकच कृती सापडते, काळा बेस म्हणजे खालचा रंग, त्यावर करडा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), कडांना जरासा पांढरा, झाला बुरुज. आपल्याकडे कोणी विजयदुर्ग करायला घेतला तरी तोही तसाच रंगवतो आणि मग तो स्कॉटलंडमधला वाटतो.

याचं मूळ युरोपात आहे. तिकडे किल्ल्यांची मॉडेल्स आधी खेळासाठी नव्हतीच, फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात १६६८ पासून तटबंदीच्या शहरांची १:६०० मापाची लाकडी मॉडेल्स बनायला लागली, लष्कराच्या कामासाठी, म्हणून ती लपवून ठेवायचे. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी वॉरगेम उभा केला (मुलाचे नियम १८२४ चे), १९१३ ला एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तक काढलं आणि १९८३ ला वॉरहॅमर हा मिनिएचरचा खेळ आल्यावर तर ब्रिटनमध्ये या छंदाचा मोठा धंदाच झाला. साहजिकच डोळ्यासमोर त्यांचेच कॅसल, रंगही त्यांच्याच दगडाचे.

आपल्याकडची परंपरा वेगळी, दिवाळीच्या किल्ल्याची. गोणपाट, माती, वर पेरलेले अळीव, चितारलेले मावळे. खेळायचे नियम नाहीत पण टेक्श्चर अस्सल, कारण कोकणात तर मातीच लाल. थर्माकोल कोरायचा हात बसला तो गणपतीच्या मखरांमुळे, २०१८ च्या थर्माकोलबंदीनंतर ते कमी झालं ही गोष्ट वेगळी.

आता खरा मुद्दा दगडाचा. कोकणातले विजयदुर्ग, जयगड हे जांभा दगडाचे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, अंगभर भोकं, आणि पावसाळे खाऊन खाऊन तांबड्याचा काळपट होतो. म्हणजे बेस करडा नाही, गेरूसारखा हवा, त्यावर काळपट वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), आणि पाण्याच्या ओघळांना शेवाळी हिरवा. स्प्रे पेंटने थर्माकोल विरघळतो म्हणून सगळे आधी फेविकॉलचा हात मारतात, पण जांभ्यासाठी तोच स्प्रे लांबून हलका मारला की आयती भोकं पडतात (बाहेर मोकळ्यावर करा, वास वाईट असतो).

उत्तरेला रायगड जिल्ह्यात मात्र काळा दगड, तिथे करडा रंग चालतो. तरी मुरूडजवळ समुद्रातला पद्मदुर्ग उलटाच, खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच पुढे आलाय! म्हणजे नेहमी आपण सांधे खोल कोरतो, इथे ते उंच ठेवायचे, फटींत फिलर (पुट्टी) भरून वर पांढुरका ड्रायब्रश. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत, तिथे पांढरी रेघ दिसली की चुकलंच.

फेब्रुवारी १७५६ ला इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर तोफा डागल्या तो प्रसंग टेबलावर मांडायला भारी आहे, पण बुरुज तांबडे करा म्हणजे झालं.